वेगळी यंत्रे, एकच फोल्डर



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून संगणकातल्या फोल्डरविषयी बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. साहित्य, समाजकारण, गिरणी कामगारांचा लढा हे या भागातल्या व्याख्यानमालांचे सवयीचे विषय. पण गिरगावापासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात आज कुठल्याही छापखान्यात, ग्रंथालयात, पतपेढीत किंवा इस्पितळाच्या कचेरीत डोकावून पाहा. संस्थेचा खरा ऐवज आता लोखंडी कपाटात उरलेला नाही, तो नेटवर्कवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये आहे. हिशेबनीस टॅलीसाठी विंडोजवर बसतो, मुखपृष्ठ आणि मांडणी करणारा मॅकवर, आणि कोपऱ्यात, बहुधा कुणी धूळही न पुसलेल्या एका डब्यात, लिनक्स चालू असते. तिघांनाही तीच फाइल हवी असते. ती मिळते तोवर कुणाला काही वाटत नाही. मिळेनाशी झाली की अर्धा दिवस जातो, 'नेटवर्क गंडलंय' असा निकाल लागतो, आणि शेवटी कुणीतरी पेनड्राइव्ह घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालू लागतो.

या नित्याच्या कटकटीमागे एक मोठा प्रश्न आहे, आणि आज तोच तुमच्यापुढे ठेवायचा आहे. निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमची यंत्रे एकमेकांच्या फायली वाचू शकतात याचे श्रेय आपण सहसा कंपन्यांना देतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. यंत्रांमधल्या बोलण्याचे नियम बाहेरच्या माणसांना कळले, काही वेळा कंपनीच्या मनाविरुद्ध कळले, म्हणून हे शक्य झाले. तेव्हा संस्थेने खरेदी करताना यंत्र कोणत्या कंपनीचे, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणत्या नियमांनी बोलते आणि ते नियम उघड आहेत का, हे आधी विचारायला हवे. मराठी मजकूर सांभाळणाऱ्या संस्थांना तर हे दुप्पट लागू आहे, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू. विंडोजवर वापरलेली हार्डडिस्क मॅकला जोडली तर फायली दिसतात, उघडतात, पण त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही, हा अनुभव अनेकांना असतो. त्यावरून असे वाटते की दोघांच्या डिस्कची रचनाच निराळी, मग नेटवर्कवरून तरी कसे जमणार? पण नेटवर्कवर पाहुणे यंत्र यजमानाच्या डिस्कला हातच लावत नाही. ते फक्त मागणी पाठवते: फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांग, ही फाइल उघड, अमुक बाइटपासून पुढचा भाग दे, मी लिहितो आहे तोवर दुसऱ्याला लिहू देऊ नकोस. डिस्कवरून वाचण्याचे आणि लिहिण्याचे काम यजमान आपल्या पद्धतीने करतो आणि उत्तर तारेवरून परत जाते. डिस्कची रचना कोणतीही असो, मागणी आणि उत्तर यांचा नमुना दोघांना ठाऊक असला की पुरते. या नमुन्यालाच प्रोटोकॉल म्हणतात, आणि सगळा झगडा त्याच्या मालकीचा आहे.

फायली सामायिक करणाऱ्या प्रोटोकॉलची दोन मोठी घराणी साधारण एकाच काळात जन्मली. एसएमबीची सुरुवात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ते वाढवले आणि विंडोजच्या प्रसाराबरोबर ते ऑफिसाऑफिसात पोचले. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणले. सनने त्याचे नियम इतरांसाठी खुले ठेवले, १९८९ मध्ये ते इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतही छापले गेले, आणि त्यामुळे युनिक्सची यंत्रे बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ते उचलले. एसएमबीची गोष्ट उलटी. ते सगळीकडे होते, पण मायक्रोसॉफ्टने त्यात वर्षानुवर्षे घातलेल्या भरीचा पूर्ण तपशील बाहेर कुणाकडे नव्हता.

ही कोंडी फोडली कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल या संशोधक विद्यार्थ्याने. १९९१ च्या अखेरीस आपल्या पीसीवरून सनच्या युनिक्स यंत्रावरच्या फायली मिळवायची त्याला गरज पडली. नियमांची पोथी हाती नव्हती. म्हणून तारेवरून जाणारा प्रत्येक संदेश टिपून ठेवणारा प्रोग्राम त्याने लिहिला आणि कोणत्या मागणीला कोणते उत्तर येते याची जुळणी करत बसला. परक्या गावच्या बाजारात उभे राहून, कोण काय मागतो आणि त्याला काय मिळते हे पाहत भाषा शिकावी, तसे हे शिकणे होते. त्यातून सांबा हा प्रोग्राम उभा राहिला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला गेला. लिनक्सचे यंत्र विंडोजच्या जाळ्यात विंडोजसारखेच दिसू लागले. यात कुणाच्या कोडची चोरी नव्हती. दोन यंत्रांमधले बोलणे ऐकून त्याचे व्याकरण मांडले, इतकेच. पण दर नव्या आवृत्तीबरोबर समोरची बाजू काहीतरी नवे बोलू लागे आणि ऐकण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. हे दशकभर चालले.

मग प्रकरण नियामकांकडे आणि पुढे न्यायालयात गेले. सनच्या १९९८ च्या तक्रारीवरून युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७२ लाख युरोंचा दंड केला आणि सर्व्हरशी बोलण्यासाठी लागणारी माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेशही दिला. दंडाचा आकडा वर्तमानपत्रांत गाजला. महत्त्वाचा होता तो आदेश. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपातल्या न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच डिसेंबरात सांबाच्या मंडळींना, एका मध्यस्थ संस्थेमार्फत एकदाच दहा हजार युरो भरून, ही कागदपत्रे मिळाली. त्या आधाराने डिसेंबर २०१२ मध्ये सांबाची चौथी आवृत्ती आली आणि मोठ्या ऑफिसातले विंडोजचे पूर्ण ओळखव्यवस्थापन लिनक्सवरून चालवणे शक्य झाले. २०१३ मध्ये अॅपलनेही मॅकवरचा आपला जुना प्रोटोकॉल मागे सारून एसएमबीच्या दुसऱ्या पिढीला पहिली पसंती दिली. आज दादरच्या एखाद्या प्रकाशनसंस्थेत मॅक, विंडोज आणि लिनक्स एका फोल्डरभोवती नांदतात, त्यामागे एका विद्यार्थ्याची चिकाटी आणि न्यायालयाने कायम केलेला एक आदेश उभा आहे.

नियम उघड हवेत, हा धडा मुंबईला त्याआधीच मिळाला होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक उभारला. त्याच संस्थेच्या एका विभागातून १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र वेगळे झाले, आणि त्यानंतर लवकरच सुरू झालेल्या अर्नेट या देशव्यापी जाळ्यात आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था यांच्याबरोबर या केंद्राचा मोठा वाटा होता. या संस्थांकडची यंत्रे एका बनावटीची नव्हती आणि असणे शक्यही नव्हते. जे अनुदान मिळाले, जे आयात करता आले, ते आले. एखाद्या उत्पादकाच्या खासगी नियमांवर हे जाळे उभारायचे ठरले असते तर ते एका संस्थेच्या आवाराबाहेर पडले नसते.

परळच्या इस्पितळांत आणखी एक उदाहरण आहे, जे रुग्णाला कधी दिसत नाही. सीटी स्कॅनचे यंत्र एका कंपनीचे, एमआरआयचे दुसऱ्या, डॉक्टरांच्या टेबलावरचा पडदा तिसऱ्या, तरी प्रतिमा सगळीकडे उघडते. १९९३ मध्ये आकाराला आलेल्या डायकॉम या उघड मानकावर हे चालते. यंत्रे विकणाऱ्यांना ते पाळावे लागले, कारण रेडिओलॉजीच्या डॉक्टरांनी आणि इस्पितळांनी ते मागितले. प्रकाशक, ग्रंथालये आणि पतपेढ्या असे काही मागत नाहीत, हे आपले दुखणे.

आता मराठीकडे येऊ. गिरगावच्या छापखान्यांना या दुखण्याची किंमत चांगली ठाऊक आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये इथे पंचांग छापले आणि पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी टाइपाचा असा दर्जा घालून दिला की त्याचे खिळे दूरदूरच्या छापखान्यांत गेले. खिळा विकत घेतला की तो तुमचा. कुठल्याही मजकुरात बसवा. डीटीपीच्या काळात हे स्वातंत्र्य नकळत गेले. श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला मजकूर आकृती या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की कचरा दिसे, कारण प्रत्येकाने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर अगदी सुखरूप पोचायची, आणि तरी वाचता येत नसे. १९९० च्या दशकातल्या कितीतरी मराठी पुस्तकांच्या फायली आज अशाच मुक्या पडून आहेत. नवी आवृत्ती काढायची तर पुन्हा जुळवणी. युनिकोडने हा गोंधळ मोडला. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी टाइप र. कृ. जोशी यांनी रेखला, म्हणजे मुंबईच्या सुलेखनाचा हात त्या बदलात होता.

पण युनिकोड आले म्हणून सगळे मिटले असे मानू नका. एक अक्षर जवळून पाहू: 'कर्मचाऱ्यांची यादी' या नावातला ऱ. युनिकोडमध्ये हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, स्वतंत्र क्रमांकाचे सलग अक्षर म्हणून. दोन, साधा र आणि त्याच्या पाठोपाठ नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी डिस्करचना नावे साठवताना अशी अक्षरे फोडून ठेवत असे, म्हणजे ऱ चा र अधिक नुक्ता होई. विंडोज आणि लिनक्स जसे आले तसे ठेवतात. एसएमबीच्या वाटेने जाताना हा फरक बरेचदा मिटवला जातो, पण झिप करून पाठवले, एनएफएसने जोडले किंवा जुन्या डिस्कवरून लिनक्सवर बॅकअप घेतला, की फोडलेले नाव तसेच पोचते. मग एकाच फोल्डरमध्ये 'कर्मचाऱ्यांची यादी' नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसतात. दिसायला एक, यंत्राच्या लेखी दोन. एकीत पगारवाढ नोंदवलेली असते, दुसरीत नसते. काही कीबोर्ड तर यातले 'ऱ्य' हे जोडाक्षर मध्ये एक अदृश्य चिन्ह घालून तिसऱ्याच प्रकारे लिहितात, आणि ती तफावत अशी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची कोणतीही ठरलेली रीत मिटवत नाही. २०१७ पासून मॅकच्या नव्या डिस्करचनेने नावे फोडणे सोडले आहे, पण आधीच्या फायली आपल्याच कपाटात आहेत. इंग्रजी नावे ठेवणाऱ्या ऑफिसला हा त्रास कधी कळणारही नाही. मराठीत शेतकऱ्यांची, अधिकाऱ्यांची, दुसऱ्या, तिसऱ्या, सगळीकडे हा ऱ आहे.

लांबीचेही तसेच. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्करचनेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'कर्मचाऱ्यांची' या एका शब्दाची तेरा चिन्हे, म्हणजे ३९ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. विंडोजमध्ये मर्यादा बाइटवर नसून चिन्हांवर आहे, म्हणून तिथे सुखाने ठेवलेले लांबलचक नाव लिनक्सच्या डब्यावर जाताना अडते. सभेच्या इतिवृत्ताला तारीख, वार, ठिकाण आणि विषय सगळे नावातच लिहायची आपल्या संस्थांची हौस इथे आडवी येते. तारखेत तिरकी रेघ घालण्याची सवयही सोडावी: मॅक ती चालवून घेतो, विंडोज घेत नाही, आणि पलीकडे नावाच्या जागी भलतीच तोडमोड झालेली अक्षरे दिसू शकतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत व्यवहारी: एवढी कटकट कशाला, सगळी यंत्रे एकाच कंपनीची घ्या. चाळीस वर्षे चाललेल्या संस्थेत हे कधीच घडत नाही. यंत्रे देणगीतून येतात, अनुदानातून येतात, कामाच्या गरजेप्रमाणे येतात. शिवाय एकजिनसीपणाची स्वतःची जोखीम असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांची दाणादाण उडवली, ती विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून, ज्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिले होते. पुढच्या महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्राम त्याच छिद्राचा आधार घेत पसरला आणि समोरच्या किनाऱ्यावर, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. सगळी यंत्रे एकाच जातीची असली की एकच किल्ली सगळी दारे उघडते.

याला उलट उत्तर येते की मग नियम उघड असण्याने चोरालाही वाट सापडत नाही का? हा प्रश्न रास्त आहे. पण वॉनाक्रायचे छिद्र बंद कोडमध्ये होते. गुप्ततेने कुणाला वाचवले नाही. त्याच मे महिन्यात सांबातही एक गंभीर छिद्र जाहीर झाले, २०१० पासूनच्या आवृत्त्यांत असलेले. तेव्हा खुलेपणा म्हणजे कवच असे मी म्हणत नाही. फरक इतकाच की नियम माहीत असले तर जुनी, धोकादायक बोली केव्हा बंद करायची हे ग्राहक ठरवू शकतो. आपल्याकडे नेमके उलटे होते. जुन्या झेरॉक्स मशीनचे स्कॅन फोल्डरमध्ये येईनासे झाले, की जोडणीला आलेला माणूस एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करून देतो आणि फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' लावून जातो. काम चालू झाले म्हणून सगळे खूश. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीने संदेशांवर सही सक्तीची केली आणि पाहुण्याला बिनपासवर्ड प्रवेश देणे जवळजवळ थांबवले, तेव्हा अनेक ठिकाणी जुने डबे अडले. त्रास झाला, पण ही सक्ती योग्यच होती.

दुसरा आक्षेप तरुणांचा: आता सगळे क्लाउडवर आहे, घरातला फोल्डर हवाच कशाला? साध्या पत्रव्यवहाराला क्लाउड उत्तम आहे. पण जुने मासिक ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले तर ए-फोर आकाराचे एक पान सुमारे १०४ एमबीचे होते, तीनशे पानांचा खंड एकतीस जीबीचा. ऑफिसातल्या गिगाबिट जाळ्यावर तो पाचेक मिनिटांत हलतो. वीस एमबीपीएसने वर चढवायचा तर साडेतीन तास. एक खंड नव्हे, एका ग्रंथालयाचे शेकडो खंड डोळ्यांपुढे आणा. आणि वेगापेक्षा मोठी गोष्ट: क्लाउडवर नियम पुन्हा एकाच कंपनीच्या हाती जातात. भाडे वाढले, खाते गोठले, तर दाद कुणाकडे? ट्रिजेलसारखे ऐकून शिकायलाही तिथे तार उरत नाही.

तिसरा आक्षेप विश्वस्तांचा असतो. फुकटच्या सॉफ्टवेअरमागे जबाबदार कोण, बिघडले तर फोन कुणाला करायचा? इथे एक छोटी वस्तुस्थिती सांगतो. लॅमिंग्टन रोडवर जे साठवणीचे तयार डबे, म्हणजे नॅस, वॉरंटी आणि बिलासह विकले जातात, त्यांतल्या सायनॉलॉजी आणि क्यूनॅपसारख्या नामांकित डब्यांच्या पोटात लिनक्स आणि सांबाच असते. ज्या विश्वस्तांना खुले सॉफ्टवेअर नको आहे, त्यांच्या संस्थेचा हिशेब कदाचित वर्षानुवर्षे त्याच्यावरच चालला आहे.

चौथे म्हणणे आक्षेपापेक्षा थकव्याचे आहे: आमच्याकडे हे जाणणारा माणूसच नाही. हे खरे आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. सामायिक फोल्डरला सांभाळणारा माणूस लागतो: कोणाला कोणता फोल्डर दिसावा, सोडून गेलेल्या माणसाचे खाते कधी बंद व्हावे, युनिक्सची तीन पातळ्यांची परवानगी आणि विंडोजची नावागणिक परवानगी यांची सांगड कशी घालावी, हे निर्णय यंत्र घेत नाही. ग्रंथपाल नेमताना त्याला वर्गीकरण येते का हे आपण विचारतो. फोल्डर सांभाळता येतो का, हेही विचारायला हवे. गिरगावातल्या आणि दादरमधल्या छोट्या संस्थांनी एकेकट्याने हा खर्च पेलण्यापेक्षा चार-पाच संस्थांनी मिळून एक जाणकार ठेवला तरी चालेल.

तेव्हा व्यवस्थापक मंडळांना माझी विनंती अशी. पुढचे कोटेशन मागवताना त्यात स्पष्ट लिहा की यंत्र एसएमबीच्या तिसऱ्या पिढीने बोलले पाहिजे, पहिली आवृत्ती बंद असली पाहिजे, प्रत्येक माणसाला वेगळे खाते असले पाहिजे, मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे, आणि डबा उद्या बंद पडला तर आतल्या फायली दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर कशा काढायच्या हे विक्रेत्याने कागदावर लिहून दिले पाहिजे. मग बिल चुकते करण्याआधी 'कर्मचाऱ्यांची यादी' नावाची एक फाइल मॅकवरून ठेवा, विंडोजवरून बदला, लिनक्सवरच्या बॅकअपमधून परत आणा. ती एकच राहिली आणि बदल जपून राहिले, तरच धनादेशावर सही करा.